पलंगाखालचं झाकण

गोबनेट क्विलने सुनेच्या हातात चिमटा दिला तेव्हा मी दारातच उभी होते, त्यामुळे तो कसा दिला हे माझ्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही. आमच्याकडे रीतच आहे. नवी नवरी उंबरा ओलांडून आली की सासू चुलीशेजारचा लांब लोखंडी चिमटा उचलते आणि तिच्या हाती सोपवते. तिथून पुढे विस्तव नवरीचा, निखारे नवरीचे, घर नवरीचं, आणि सासू चुलीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. काही सासवा हसत देतात, काही डोळे पुसत. गोबनेटने दिला तो दाढ उपटून दिल्यासारखा. रोझॅनने चिमटा धरला तरी हिची बोटं काही सुटेनात. शेवटी तिचा लेक डिनी खाकरला, तेव्हा सुटली.

"सुखी राहा," ती म्हणाली. आवाज असा की नवरीने आशीर्वाद घ्यावा की पळ काढावा!

लग्न ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात झालं, आमच्याकडे सगळ्यांची होतात तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज डोकावले. सहज कसली, मुद्दामच गेले. गोबनेटने मला हाताला धरून आतल्या खोलीत ओढलं. मला वाटलं, आता रडणार बाई. मी रुमालही काढून ठेवला. तर ती पलंगापाशी वाकली, चादरीची झालर वर केली आणि म्हणाली, "बघ."

पलंगाखाली पिठाच्या रिकाम्या गोणपाटात गुंडाळलेलं हंड्याचं झाकण होतं.

"नोनी, मी चिमटा दिला की नाही?"

"दिलास."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत. जरा वेळ लागला, पण दिलास."

"मग झालं तर. रीत चिमट्याची आहे. झाकणाचं कुणी काही म्हटलेलं नाही."

मला हसू आलं, पण मी गालात दाबलं. कारण तिचं म्हणणं खरंच होतं. झाकणाचं कुणीच कधी काही म्हटलेलं नाही. कुणाला वाटलंच नसेल की एखादी बाई ते घेऊन झोपेल.

आता हे झाकण म्हणजे काय, ते ज्या घरात पाव विकत आणतात त्यांना कळायचं नाही. आमचा पाव भाजतो बिडाच्या तीन पायांच्या हंड्यात. कणीक, थोडा मैदा, मीठ, तळहातावर चोळून गुठळ्या मोडलेला खायचा सोडा आणि आंबट ताक. गोळा हलक्या हाताने थापायचा, वर सुरीने फुली मारायची आणि हंड्यात ठेवायचा. हंडा विस्तवावर टांगायचा आणि झाकणावर चिमट्याने टर्फचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे, निखारे रचायचे. झाकणाला चांगला उंच काठ असतो, म्हणून निखारे जागच्या जागी राहतात. खालून आच, वरून आच, मग पाव असा फुगतो की फुलीच्या चार पाकळ्या होतात. झाकण नसलं तर तो हंडा बटाटे उकडायच्या कामाचा. बस.

आणि गोबनेटचा पाव! आमच्या डोंगराच्या या अंगाला तसा पाव कुणाचा नव्हता, माझाही नाही. घरोघरी मिस्सा करत फिरणारे फादर तिच्याकडे आले की न्याहारीला बसून राहायचे आणि पुढच्या घरी उशिरा पोचायचे. पोस्टमन पत्र नसलं तरी यायचा. त्या पावावर तिने आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. नवरा अबोल होता, शेत खडकाळ होतं. पण पाव तिचा होता.

"कायमचं थोडंच ठेवणार आहे मी," ती म्हणाली. "तिने येऊन मागू दे. 'आई, झाकण द्या, मला तुमच्यासारखा पाव शिकवा,' एवढं एकदा तोंडाने म्हणू दे. लगेच देते. मी काय राक्षसीण आहे? मला तर हे झाकण मिळायला माझी सासू मरावी लागली होती."

रोझॅन आमच्याकडची नव्हती. लिट्रिम परगण्यातली, पार वर उत्तरेकडची. गावात एका डॉक्टरकडे कामाला होती, तिथून डिनीच्या नजरेत भरली. उंच, कमी बोलणारी, कधी घाईत नसलेली. भांडता येईल असं काहीच तिच्यात नव्हतं, आणि गोबनेटला नेमकं तेच खुपत होतं.

तिने विचारलं मात्र एकदा. "आई, हंड्याचं झाकण दिसत नाही."

"तडा गेला त्याला," गोबनेट म्हणाली. विणकामातून मान वर न करता.

"बरं," रोझॅन म्हणाली, आणि आपली पेटी उघडली. दुसऱ्यांच्या सुना पेटीतून चादरी काढतात, कपबशा काढतात. हिने तवा काढला. चांगला जाड, मोठा, वर कमानीसारखी कडी असलेला. तो तिने विस्तवावर टांगला, पिठाचा चपटा गोल थापला, सुरीने त्याचे चार तुकडे केले आणि एका बाजूने भाजून उलटले. हंड्यातला पाव व्हायला निम्मी सकाळ जाते. हिचा पाव किटली उकळेपर्यंत तयार. गरम असतानाच मधून चिरून त्यात लोण्याचा गोळा.

"आजाऱ्यासारखा कुशीवर वळवावा लागतो तो पाव," गोबनेट मला म्हणाली. "स्वतःच्या अंगात फुगायची ताकद नाही."

पण डिनीने चारातले तीन तुकडे खाल्ले. लोणी मनगटापर्यंत ओघळलं ते चाटलं. आणि वर म्हणाला, "आई, तू पण खा ना, गरम आहे तोवर." पूर्वी हा मुलगा आईच्या हातून पावाची कडेची खरपूस टोकं मागून घ्यायचा, चाळिशी आली तरी. गोबनेटने तुकडा घेतला आणि मीठ जास्त झालंय म्हणून ठेवून दिला. नंतर सगळे उठून गेल्यावर तिने ताटलीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला, ते मी खिडकीतून पाहिलं. चांगलाच झाला होता तो पाव. तिचं खरं दुखणं तेच होतं.

मग उपासाचे दिवस आले. लोणी बंद, दूध बंद, काळा चहा आणि कोरडा पाव. गोबनेटला वाटलं, आता हिचं पितळ उघडं पडणार, लोण्याशिवाय तो चामडं लागणार. पण लागला नाही. उलट पोस्टमनने आपली वेळ बदलली, तवा तापायच्या वेळेला तो बरोबर दारात. पूर्वी तो गोबनेटला "बाईसाहेब" म्हणायचा. आता ते "बाईसाहेब" चुलीकडे तोंड करून म्हणायला लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेपटी नाही, एवढंच," ती म्हणाली. "नाहीतर हलवलीच असती मेल्याने."

मी रोज संध्याकाळी जायची. ती आतल्या खोलीत नेऊन कुरकुर करायची आणि मी ऐकायची. किती तुकडे डिनीने खाल्ले, काय म्हणाला, सुनेने चिमटा कुठे ठेवला, निखारे कसे उधळले. बोलता बोलता तिचे गाल लाल व्हायचे, डोळे चमकायचे. इतक्या वर्षांत ती मला इतकी ताजीतवानी दिसली नव्हती. मग मी माझ्या घरी यायची. माझ्या तिघी मुली बॉस्टनला, मुलगा त्यांच्या मागोमाग गेला. माझ्या घरात चूल माझी, हंडा माझा, चिमटा माझाच, आणि तो घ्यायला कुणीही नाही. खरं सांगते, गोबनेट सुनेवर जळत होती आणि मी गोबनेटवर जळत होते.

ईस्टरनंतर डिनी जत्रेला निघाला. "नवा हंडाच घेऊन येतो झाकणासकट," तो म्हणाला.

गोबनेटच्या सुया थांबल्या. नवा हंडा आला की तिच्या पलंगाखाली राहणार ते नुसतं लोखंड.

पण रोझॅनच म्हणाली, "कशाला? घरात आहे तेवढं पुरे आहे."

"ऐकलंस?" गोबनेट नंतर मला म्हणाली. "पुरे आहे म्हणे! तवा पुरे आहे हिला. माझ्या पावाची गरजच नाही या घरात. किती तो तोरा!" नवा हंडा आला नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि नकोय म्हणाली म्हणून जळफळाटही झाला होता. दोन्ही एकदम. माणसाला हे जमतं.

उन्हाळ्यात एकदा तिने मला झाकण पुन्हा काढून दाखवलं. ती खोली म्हणजे ओलीची खाण. तिथे केसातल्या पिना गंजतात, जपमाळेची साखळी हिरवी पडते. पण झाकण काळं कुळकुळीत, एक डाग नाही.

"बघ! याला म्हणतात बीड," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या सासूचं आहे. असल्या वस्तूला गंज शिवत नाही." तिने त्यावरून हात फिरवला. "येईल ती. मळणी येऊ दे. तव्यावर चार-चार तुकडे करून सगळ्या सावडीला खाऊ घालून दाखव म्हणावं. त्या दिवशी येईल माझ्यासमोर. आणि हे बघ नोनी, तुझ्याकडे झाकण मागायला आली तर द्यायचं नाही. शपथ घे."

मी घेतली. मजा वाटत होती मला.

मळणी म्हणजे आमच्याकडे सणच. वाफेचं यंत्र घरोघर फिरतं आणि त्याच्यामागे सगळ्या वस्तीचे पुरुष. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, पैसे कुणी कुणाला देत नाही. द्यायचं ते जेवण. खारवलेलं मांस, कोबी, बटाटे, काळ्या बिअरचं पिंप, आणि चारच्या चहाला पाव. जेवण सगळीकडे सारखंच असतं. लोक लक्षात ठेवतात तो पाव. कोणाच्या घरात कशी बाई आहे, ते त्यावरून ठरतं आणि वर्षभर बोललं जातं.

मी मदतीला सकाळीच गेले. गोबनेट स्वच्छ एप्रन बांधून, विणकाम घेऊन आपल्या स्टुलावर बसली होती. रविवारचा ब्रोच लावला होता. दरबारच भरवला होता बाईने. रोझॅन पोटुशी होती, सहावा लागलेला, तरी पहाटेपासून उभी. मांस शिजत होतं, बटाटे उकडत होते. दुपारची पंगत उठली, आणि तिने पिठात ताक ओतलं. एवढं पीठ की तव्यावर भाजत बसली असती तर पुढची मळणी आली असती.

गोबनेटने माझ्याकडे बघून भुवई उडवली. आता येते बघ.

रोझॅनने गोळा थापला. फुली मारली. भिंतीवरचा हंडा उतरवला, गोळा आत ठेवला आणि तो विस्तवावर टांगला. मग तिने तवा घेतला, पालथा करून हंड्याच्या तोंडावर बसवला आणि चिमट्याने त्यावर निखारे ठेवायला लागली.

मी गोबनेटकडे पाहिलंच नाही. हिंमत झाली नाही.

युक्ती तर होती. पण तव्याला काठ कुठला? निखारे घसरायला लागले. एक इकडून, दोन तिकडून. रोझॅन वाकायची, चिमट्याने उचलायची, परत ठेवायची. त्या पोटाने वाकणं म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. वर नुसती उभी राहिली की परत एखादा निखारा गडगडत खाली. तिच्या मानेवर घाम आला होता.

मला राहवलं नाही. "अगं, माझ्याकडचं झाकण आणू का? चार पावलांवर तर घर आहे माझं." शपथ घेतली होती, पण शपथ घेताना ती पोरगी वाकलेली दिसत नव्हती.

"नको, नोनीबाई," रोझॅन म्हणाली. "आजच्या दिवशी शेजारून झाकण आणलं तर अंगणातल्या सगळ्यांना कळेल. आईंचं घर आहे हे. लोक काय म्हणतील त्यांना?"

गोबनेटच्या सुया थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

तेवढ्यात एक मोठा निखारा सुटला आणि रोझॅनच्या मनगटावरून जाऊन खाली पडला. तिने हात एप्रनला पुसला आणि तोच निखारा परत उचलला.

गोबनेट उठली. आत गेली. पलंग सरकल्याचा आवाज आला. बाहेर आली ती गोणपाट छातीशी धरून. चुलीपाशी येऊन तिने ते उलगडलं आणि झाकण पुढे केलं. आयुष्यात तिचा चेहरा इतका कडू झालेला मी पाहिला नव्हता. हरलेल्या माणसाचाच चेहरा तो.

"हे घे," ती म्हणाली. "तडा नव्हता गेलेला."

रोझॅनने झाकणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांबा आई, आधी पुसायला हवं. शनिवारीच चरबी लावलीय मी त्याला. तसंच ठेवलं तर घरभर धूर होईल."

बाहेर यंत्र धडधडत होतं.

गोबनेटने झाकणावर अंगठा फिरवला. अंगठा चमकला. तिने तो नाकाशी नेला. डुकराची चरबी. ताजी.

"कधीपासून?"

"लग्नानंतर पहिल्याच शनिवारी पलंगाखालून झाडताना सापडलं. कडेला गंज धरायला लागला होता. चांगली वस्तू आहे, वाया गेली असती. म्हणून दर शनिवारी जरा..."

"दर शनिवारी." गोबनेटचा आवाज चिरकला. "मग घेतलं का नाहीस? तुझीच चूल होती ना?"

"तुम्ही कुठे दिलं होतंत?" रोझॅन म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, मी नीट ऐकत होते. टोमणा असता तर गोबनेटला किती बरं वाटलं असतं!

एप्रनने, त्या धुतलेल्या पांढऱ्या एप्रनने, गोबनेटने झाकण पुसायला घेतलं. आधी वरून, मग आतून, मग काठाने. एप्रन काळा झाला. तवा खाली काढून तिने झाकण हंड्यावर बसवलं. ते बसताना जो आवाज येतो तो मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. मग तिने हात पुढे केला.

"चिमटा दे," ती म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "देतेस का?"

रोझॅनने लगेच दिला. बोटं अडकली नाहीत.

गोबनेटने निखारे रचले. आधी काठाने गोल, मध्ये विरळ. "मध्ये जास्त टाकायचे नाहीत," ती हंड्याकडे बघत म्हणाली. "मधली फुली करपते. कळलं?"

"कळलं."

"आणि तू बस आता. ते मनगट ताकात बुडव. उभी काय राहिलीस खांबासारखी?"

चारला पुरुष आत आले. पाव मधे ठेवला होता, चार पाकळ्या उमललेल्या. दुसरा हंड्यात भाजत होता, तिसरा थापून तयार. डिनीने पहिला घास घेतला, चावता चावता थांबला आणि आईकडे बघितलं. मग बायकोकडे. "हा कोणी केला?"

"खा मुकाट्याने," दोघी एकदम म्हणाल्या.

आता झाकण भिंतीवर आहे, हंड्याच्या बाजूला खिळ्याला. गोबनेट अजून कुरकुर करते. परवाच म्हणत होती की दर शनिवारी चरबी चोपडायची काय गरज, केवढी नासाडी, तिच्या माहेरी डुकरं काय झाडाला लागतात? नात झाली आहे, तिला मांडीवर घेऊन म्हणत होती. मी हसले. पण त्या मळणीच्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

त्या दिवशी मी एप्रनच्या खिशात पावाचं टोक घेऊन घरी आले. माझ्या हंड्याचं झाकणही भिंतीवरच असतं, पहिल्यापासून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या समोर. एकटीपुरता पाव मी हल्ली चुलीच्या कडेलाच भाजते. मी ते झाकण खाली काढलं. माझी बोटं तांबडी झाली.